बोटभर पुढे आलेला दगड

गावाभोवतीच्या जुन्या तटाचे ढासळलेले दगड पुन्हा बसवण्यात मिस्त्रींचा जन्म गेला. माणूस तोंडाचा फटकळ, पण हात असा की नवा दगड कुठला आणि जुना कुठला, हे भल्याभल्यांना ओळखता यायचं नाही. गाईड पाहुण्यांना छातीठोकपणे सांगायचा, "यातला एकेक दगड चारशे वर्षांचा आहे बरं का!" मिस्त्री मिशीतल्या मिशीत हसत आणि मुलाला म्हणत, "ऐकलंस? आपण पास झालो."

मुलगा त्यांच्याच हाताखाली तयार झाला. त्यानं बसवलेला पहिला दगड बोटभर पुढे आला, तर मिस्त्रींनी चारचौघांत त्याची खरडपट्टी काढली. "गधड्या, लांबून दिसतोय! काढ तो." त्यानं निमूटपणे दगड काढला, घासला आणि पुन्हा बसवला. पुढे त्याचं काम बापालाही शोधून सापडेनासं झालं.

गेल्या वर्षी याच तटावर काम करताना परांचीवरून त्याचा पाय घसरला आणि हाताशी आलेला पोरगा गेला.

तेव्हापासून मिस्त्री रोज सकाळी दगडांवरून हात फिरवत तटाच्या कडेकडेनं चालतात. एकदा बायकोही मागोमाग आली.

"आपल्या लेकराचा एक तरी दगड दाखवा हो," ती म्हणाली. "नुसता हात लावीन."

मिस्त्रींनी या टोकापासून त्या टोकापर्यंत भिंत पाहिली. सगळी एकसारखी.

"एक ओळखता आला असता," ते म्हणाले. "तो मीच काढायला लावला."