सर्जेरावांच्या गाडीचा क्लच

नाना पेठेतला कासिम मिस्त्री गाडी तपासायचा ती जुन्या वैद्याने नाडी बघावी तशी. आधी हात, मग कान, आणि पाना अगदी शेवटी. गिऱ्हाईक घाई करायला लागलं की त्याला जास्तच सावकाशी सुचायची. "घाई असेल तर रिक्षा करा," एवढं बोलून तो पुन्हा कान लावायचा.

असा हा कासिम सर्जेरावांची येझदी मोटारसायकल ढकलताना दोन पावलांत थांबला आणि क्लचच्या लिव्हरवरचा हात त्याने विस्तव लागल्यासारखा काढून घेतला.

सर्जेराव कात्रजच्या वरच्या अंगाचे. शेती होती तोवर शेतकरी, शेतीचे प्लॉट पडले तेव्हा शेठ. गाडी मात्र दोन्ही जन्मांत तीच. आठ-नऊ वर्षांपूर्वी तिचा क्लच सटकायला लागला. इंजिन बोंबलायचं, पण गाडी चढावर जागची हलायची नाही. "नव्या प्लेटा काढून ठेव, उद्या न्यायला येतो," असा त्यांनी कासिमला फोन केला आणि सकाळी परड्यातले पेरू पिशवीत घालून ते बसमध्ये बसले. दुकानात पोचले नाहीत. घरीही परतले नाहीत.

पोलीस झाले, पेपरात फोटो झाला. पुणेकराला माणूस सापडला नाही तरी त्याचा पत्ता सांगता येतोच. कुणी त्यांना सासवडला पाहिलं, कुणी नाशकात. कासिमने तेलात भिजवून ठेवलेल्या प्लेटा दसऱ्यापर्यंत सांभाळल्या आणि मग दुसऱ्याला विकल्या. धंदा आहे. पण तेव्हापासून मंडईच्या गर्दीत कुणी उंच म्हातारा पाठमोरा दिसला की कासिम चार पावलं त्याच्या मागे जायचा, तोंड बघायचा आणि उगाच केळ्यांचा भाव विचारून परतायचा.

आता सर्जेरावांच्या मुलाने, विक्रमने, गाडी टेम्पोतून आणून टाकली होती. विक्रम खराडीत कॉम्प्युटरवर काम करणारा. बोलणं घाईचं, डोळे जागरणाचे.

"चाचा, ऑफिसातल्या एकाला व्हिंटेज गाडी हवीय. रविवारी बघायला येतोय. गाडी उभी असते ती शेडही पडणार आता, बिल्डरचं काम सुरू होतंय. इतकी वर्षं उभी आहे, क्लच जाम असणार. प्लेटा नव्या टाका."

"मिस्त्री कोण, तू की मी?"

"तुम्हीच."

"मग संध्याकाळी ये. जाम आहे की नाही ते मी सांगेन."

विक्रमचं म्हणणं तसं चूक नव्हतं. या जुन्या गाडीच्या क्लचमध्ये बुचाच्या, म्हणजे कॉर्कच्या प्लेटा. गाडी वर्षभर उभी राहिली की त्या पावसाळ्यातल्या पापडांसारख्या एकमेकींना चिकटतात. मग गिअर टाका, क्लच दाबा, ढकला. चाक अडूनच राहतं. कासिमने गिअर टाकला, क्लच दाबला आणि खांदा लावून ढकलली. गाडी लोण्यावरून जावी तशी पुढे गेली.

त्याने केबल पाहिली. तेल दिलेली. तेल काढून बाजूचं झाकण उघडलं. प्लेटा त्याच, सर्जेरावांच्या, कडेने झिजलेल्या. पण एकेक सुटी, ओली, जिवंत. क्लच नेमाने दाबला गेला तरच हे होतं. कासिमचा विश्वास अल्लावर होता आणि बुचावर होता, भुतांवर नव्हता. त्यामुळे त्याच्या डोक्यात जे आलं ते भुतापेक्षा वाईट होतं. सर्जेराव जिवंत आहेत. चोरून येतात, गाडीला हात लावतात आणि जातात.

झाकण तसंच उघडं टाकून त्याने दुकान बंद केलं आणि कात्रजची बस पकडली.

सर्जेरावांची बायको, मथुराबाई, ओट्यावर शेंगा फोडत होत्या. त्याला बघून त्यांनी चहाचं विचारलं नाही, तब्येतीचं विचारलं नाही.

"कासिमभाऊ, क्लच कसा हाय?"

"मोकळा आहे, वहिनी."

त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"जाताना मला म्हनले हुते, येईपातुर रोज दाबत जा, न्हाईतर प्लेटा चिकटतील. दाबला मी. दोन्ही हातांनी दाबायचे, एका हातानं कुठं दबतोय मेला. मागल्या संक्रांतीला पडले, मनगट मोडलं. तवापासनं हात लावला न्हाई."

"मग कोण लावतं?"

"पाटंचं शेडातनं आवाज येतो. लिव्हर दाबल्याचा, सोडल्याचा. रोज."

"तुम्ही उठून बघितलं नाही?"

"न्हाई." बाईंनी शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. "दार उघाडलं आन् तिथं कुनी नसलं, मंग?"

आरटीओच्या साहेबालाही उलट बोलणारा कासिम वळला आणि बसथांब्याकडे चालू लागला.

संध्याकाळी विक्रम दुकानात आला. लोखंडी स्टुलावर बसून तो फोनवर कुणाशी तरी इंग्रजीत वाद घालत होता आणि त्याचा डावा हात गाडीच्या लिव्हरवर गेला होता. सावकाश दाबला, जरा धरला, सोडला. पुन्हा दाबला. केबल क्लचपासून सोडवलेलीच होती, तरी हात आपला चालूच. कासिम बघत राहिला. फोन संपला.

"किती दिवस दाबतोयस?"

विक्रमने हात मागे घेतला. मग लपवण्यात अर्थ नाही हे त्याला कळलं.

"आईचं मनगट मोडलं तेव्हापासून. ती अंथरुणातून उठेना, चाचा. जेवेना. एक दिवस पहाटे सहज जाऊन दाबला तर ती उठली, चूल पेटवली, गुणगुणायला लागली. मग रोजचंच झालं. तिला सांगू नका."

"नाही सांगत. पण मग विकतोस कशाला? शेड पडली तर गाडी जिन्याखाली ठेव."

विक्रमने फोन खिशात टाकला.

"गेल्या महिन्यात ताप होता मला. पहाटे उठलोच नाही. बायको शेजारी झोपलेली, आई माझ्या डोळ्यांसमोर बाजेवर, हात गळ्यात बांधल्यासारखा पोटाशी धरलेला. आणि शेडातून आवाज आला."

"कसला?"

"तोच. दाबल्याचा. सोडल्याचा." त्याने ओठांवरून जीभ फिरवली. "दोनदा."

बाहेर कुणीतरी स्कूटरचा हॉर्न धरून ठेवला होता. कासिमने जाऊन शटर अर्धं ओढलं.

"गेलास बघायला?"

"नाही."

"तूही नाही."

"तुम्ही गेला असता?"

कासिमने पाना उचलला. त्याच जुन्या प्लेटा त्याने फडक्याने पुसल्या, तेलात बुडवल्या आणि एकेक करून परत बसवल्या. झाकण लावलं, तेल भरलं, केबल ओढून घेतली. लिव्हरला त्याने मुद्दाम बोटभर ढील ठेवली. सर्जेरावांना तशी लागायची. हात मोठा, घाई कमी.

"नव्या नाही टाकल्या?" विक्रमने विचारलं.

"नव्या ज्याला हव्या होत्या तो आला की टाकू. टेम्पो बोलव, घरी ने."

"आणि रविवारचं गिऱ्हाईक? त्याला काय सांगू?"

"सांग, मालक बाहेर गेलेत. आले की विचारून कळवतो."

विक्रम हसला. मग कासिम हसत नाही हे बघून त्याने टेम्पोवाल्याला फोन लावला.