प्रभाताईंची विधानसभा

प्रभाताई गेल्याचा निरोप आला तेव्हा मी कल्याणच्या आमच्या कार्यालयात दाखल्यांवर शिक्के मारत होतो. कोपरीतल्या वाचनालयाच्या अभ्यासिकेत एकत्र शिकलेल्या आम्हा मुलांचा एक ग्रुप आहे. त्यावर एवढंच होतं, "ताई गेल्या." त्याला आता दीड महिना झाला. एका लहान वाचनालयाच्या ग्रंथपाल गेल्याची बातमी कुठे येत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

घाटावरच्या एका खेड्यात शिकून, घरातला पहिला पदवीधर होऊन, मी स्पर्धा परीक्षांसाठी मामांकडे कोपरीला आलो. वाचनालयात लहान लहान खणांचं एक लाकडी कपाट होतं. पूर्वी त्यात पुस्तकांच्या सूचीची कार्डं असायची. संगणक आल्यावर ते रिकामं झालं आणि ताईंनी त्यात विधानसभा भरली. दोनशे अठ्ठ्याऐंशी आमदार, प्रत्येकाचं एक कार्ड, प्रत्येक पक्षाचा वेगळा खण. शेजारच्या फळ्यावर कुठल्या पक्षाचे किती, ते लिहिलेलं असायचं आणि आम्ही ते वहीत उतरवून घ्यायचो. कुणी पक्ष बदलला की ताई जुन्या पक्षाच्या नावावर एक बारीक रेघ मारायच्या, खाली नवा पक्ष लिहून सही करायच्या आणि कार्ड दुसऱ्या खणात जायचं. जुनं नाव गिरवून झाकायला मात्र मनाई. मत कुणाच्या चिन्हावर मागितलं होतं ते वाचता आलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. पक्षफुटीच्या दिवसांत आमच्यातला एक जण म्हणाला, "ताई, कार्डांना आता चाकंच लावा." ताईंनी चष्म्यावरून पाहिलं. "लावली असती रे, पण ब्रेक कुठून आणू?"

दुसऱ्या वर्षी कार्डांचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं. त्याच वर्षी आमच्या गावाकडच्या आमदारांनी पक्ष बदलला. माझ्या वडिलांनी वीस वर्षं त्या पक्षासाठी खळ शिजवली होती, पोस्टर चिकटवली होती. घरात देवांच्या तसबिरींशेजारी आमदारांचा फोटो होता. माझ्याच्याने ती रेघ मारवेना. येतील दोन दिवसांत परत, असं मनाशी म्हणत राहिलो... नऊ दिवस गेले. फळ्यावर एका पक्षाचा एक आमदार जास्त आणि दुसऱ्याचा एक कमी राहिला. एका मुलीने तोच आकडा सराव परीक्षेत लिहिला, तिचे मार्क गेले आणि तिचे वडील तक्रार घेऊन आले.

वाचनालयाचे अध्यक्ष अभ्यासिकेत येऊन सगळ्यांसमोर म्हणाले की हे ज्याने केलं त्याने उद्यापासून इथे पाऊल ठेवायचं नाही. मामांच्या एका खोलीत आम्ही सहा माणसं. अभ्यासिकेतली जागा गेली असती तर मला गावी परतावं लागलं असतं. मी पुस्तकात डोकं घालून बसलो. ताईंनी अध्यक्षांना आतल्या खोलीत नेलं. बाहेर आल्यावर ते थेट निघून गेले.

मग ताईंनी मला कपाटाजवळ बोलावलं आणि ते कार्ड पुढे ठेवलं.

"हे आमदार तुमच्याकडचेच ना?"

मी सगळं सांगितलं. ताईंनी विचारलं, "वडील काय म्हणाले?"

"काही नाही. फोटो तेवढा उतरवला."

त्यांनी पेन माझ्यापुढे ठेवलं. "म्हणजे त्यांनी फोटो उतरवला... आणि तुला रेघ मारता येत नाही."

मी रेघ मारली. ती वाकडी आली. अध्यक्षांना काय सांगितलंत, हे विचारायचा धीर झाला नाही. पुढे नोकरी लागली, पेढे घेऊन गेलो, तेव्हाही विचारलं नाही.

शोकसभेच्या दिवशी वाचनालयाचे सचिव म्हणाले की आता सगळं मोबाइलवर मिळतं, कपाट काढून टाकायचं आहे. मागच्या विधानसभेची कार्डं खालच्या खणात दोऱ्याने बांधून ठेवलेली होती. त्यांत आमच्या आमदारांचं कार्ड सापडलं. पुढच्या बाजूला माझी वाकडी रेघ होती. मागच्या बाजूला ताईंचं सरळ, उभं अक्षर: "नोंद नऊ दिवस उशिरा. मी विसरले." खाली सही. त्याबद्दल समितीने त्यांना लेखी समज दिली होती, हे सचिवांकडून मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. सचिवांना मी म्हणालो, "चूक माझी होती." ते म्हणाले, "आता त्याचं काय, साहेब... बाईही गेल्या."

ते कपाट मी टेम्पोत घालून घरी आणलं. इतक्या कार्डांत ताईंनी केलेली ती बहुधा एकच खोटी नोंद असेल. ती मी तशीच राहू दिली आहे. तिच्याखाली माझं पूर्ण नाव लिहिलं, गावासकट, आणि कार्ड परत त्याच्या खणात ठेवलं.