दोन मिनिटांचं डिझेल

माझी बदली उत्तरेच्या एका उंच ठाण्यावर झाली तेव्हा मी सैन्यात हवालदार होतो. काम गाड्यांच्या दुरुस्तीचं, माझं गाव भंडाऱ्याजवळचं शहापूर. त्या ठाण्यावर आमच्या जिल्ह्याचा आणखी एकच माणूस होता: नाईक रोशन रामटेके, ड्रायव्हर, लाखांदूरकडचा. चारचौघांत तो मला उस्ताद म्हणायचा, एरवी दादा.

आमच्या ट्रकना टर्बो होता. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुरावर एक चाक फिरतं आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चाक इंजिनात हवा कोंबतं. विरळ हवेतही डिझेल पूर्ण जळतं, ताकद मिळते, डिझेलही कमी लागतं. पण तो दांडा तेलावर तरंगतो. चढ चढून आल्या आल्या इंजिन बंद केलं, की तेल थांबतं आणि तापलेल्या दांड्यावर जळून त्याचा कोळसा होतो. म्हणून गाडी दोन मिनिटं उभ्या उभ्या चालू ठेवायची. रोशन रोज ठेवायचा.

"दम घेऊ द्या तिले, दादा," म्हणायचा.

मग नवीन मेजरसाहेब आले. त्यांना डिझेल वाचवून वरच्यांची शाबासकी हवी होती. हुकूम निघाला: गाडी थांबताच इंजिन बंद. तिसऱ्या दिवशी रोशन इंजिन चालू ठेवताना सापडला. त्याला साहेबांसमोर उभं केलं. मी शेजारीच होतो.

"हवलदार, इंजन तुरंत बंद करने में टेक्निकली कोई दिक्कत?"

"नहीं, साब."

माझं प्रमोशन बोर्ड दोन महिन्यांवर होतं. दुसरं कारण नव्हतं. रोशनच्या कागदावर लाल शाईची नोंद पडली, 'डिझेलची नासाडी'. गाडी काढून घेतली आणि त्याला वरच्या पोस्टवर पहाऱ्याला पाठवलं. जाताना तो माझ्याकडे बघून नुसता हसला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सात आठवड्यांनी, सकाळी ०९१० ला, वरून रेडिओ आला: "एक जवान सीरियस. फेफड़ों में पानी. ओव्हर." फुफ्फुसांत पाणी झालेला तो जवान रोशन होता. ढगांमुळे हेलिकॉप्टर नव्हतं. हॉस्पिटल खिंडीपलीकडे, म्हणजे आधी आणखी वर चढायचं. त्याला खाली ठाण्यावर आणलं तेव्हा जो ट्रक मोकळा होता तो त्याचाच जुना होता. मी मागे त्याच्याजवळ बसलो.

१०४० ला रस्त्यावर दरड आडवी आली, ती हटवेपर्यंत थांबावं लागलं. ड्रायव्हर नवा आणि हुकमाचा पक्का. त्याने तात्काळ इंजिन बंद केलं. रोशनने तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला.

"दादा, आता तं सांगा त्याले."

मी ओरडलो. इंजिन चालू झालं. पण सात आठवड्यांचं जळालेलं तेल माझ्या ओरडण्याने थोडंच विरघळणार होतं? पुढे निघालो, तर खिंडीच्या दोन वळणं खाली टर्बोतून शीळ आली, मग घासल्याचा आवाज, मग काळा धूर. दांडा जाम झाला होता. ताकद संपली, ट्रक जागेवर थांबला.

"गाडी डाऊन. दूसरी गाडी भेजो. ओव्हर."

"रवाना. रास्ते में है. ओव्हर."

ती १२५५ ला आली. रोशन १२२० ला गेला होता.

चौकशीत 'उंचीमुळे यांत्रिक बिघाड' असं लिहिलं गेलं. त्याच्या वडिलांना मराठीत पत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. त्यातही मी तेच लिहिलं. बोर्डात मी पास झालो.

आता साकोलीत माझं गॅरेज आहे. सव्वीस जानेवारीला शाळेत बोलावतात, शौर्याचं काहीतरी सांगा म्हणतात. मला त्या टाळ्यांची चीड येते.

यंदा तिथून उठून सरळ लाखांदूरची एसटी धरली. रोशनच्या वडिलांनी माझं पत्र फ्रेम करून त्याच्या फोटोखाली लावलंय. आल्यागेल्याला दाखवतात, आपल्या जिल्ह्याच्या माणसाची सही म्हणून. मी त्यांना सगळं सांगितलं. मग त्यांनी फ्रेम उतरवून माझ्या हातात दिली.

"हे घेऊन जा, बाबू. आन् खरं लिवून आना."

म्हणून हे लिहिलं. नाईक रोशन रामटेके, ड्रायव्हर. वय एकोणतीस. त्याने डिझेलची नासाडी केली नव्हती. तो बरोबर होता, आणि ते मला त्याच दिवशी माहीत होतं.