वहिनीची तक्रार आणि सहा ओळी

बेचाळीस वर्षांची झाली तरी घरात तिला भिंगरीच म्हणतात. लहानपणी एका जागी बसत नसे म्हणून. आता मात्र ती दिवसभर खुर्चीत बसून कर्नेलचं, म्हणजे संगणकाच्या सगळ्यांत आतल्या प्रणालीचं, काम करते. त्यातला एक ड्रायव्हर, म्हणजे यंत्राचा एखादा भाग हाकणारा प्रोग्राम, तिच्याकडे आहे. प्रोसेसरने नेहमीच्या वेगाच्या वर किती उसळी मारायची, ते तो ठरवतो. या उसळीला बूस्ट म्हणतात; ती मारली की यंत्र तापतं आणि पंखा जोरात फिरतो.

एका रविवारी सकाळी वहिनी लॅपटॉप काखेत मारून आली. वहिनी अंधांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते.

"नायिका शेवटचा श्वास घेतेय आणि मागे पंखा घरघरतोय! वाचू कशी?"

"बूस्ट बंद करायला शिकवलं होतं ना?"

"केलं की. झाकण मिटून चहा घेऊन आले, उघडलं, की पुन्हा तेच."

"वहिनी, तूच काहीतरी दाबलं असशील."

"बरं बाई, तूच मीट नि तूच उघड."

भिंगरीने झाकण मिटलं, उघडलं. दोन मिनिटांत पंखा घरघरायला लागला. तिचा चेहरा पडला. शोधलं तेव्हा कळलं, लॅपटॉप झोपेतून उठला की ड्रायव्हर माणसाने घातलेली मर्यादा विसरून कारखान्यातली मूळ मर्यादाच लावत होता. आणि ते तिनेच दोन वर्षांपूर्वी लिहिलं होतं.

दुपारपर्यंत सहा ओळींची दुरुस्ती रवाना झाली. ती तपासणाऱ्या गृहस्थांना तिने कधी पाहिलं नव्हतं. सगळे त्यांना 'कात्री' म्हणत. दुसऱ्या दिवशी त्यांचं उत्तर आलं, "मर्यादा पहिल्याच कोअरला लागतेय. बाकीच्या सात जणांनी काय घोडं मारलंय?"

भिंगरीने कपाळावर हात मारला आणि मोठ्याने हसली. आठही कोअरना, म्हणजे प्रोसेसरमध्ये प्रत्यक्ष काम करणाऱ्या आठही भागांना, मर्यादा लागेल असं नव्याने लिहून तिने ते वहिनीच्या लॅपटॉपवर घातलं. वहिनीने चाळीस वेळा झाकणाची उघडमीट केली, प्रत्येक वेळी कान लावून. पंख्याने चकार शब्द काढला नाही.

गुरुवारी दुरुस्ती मंजूर झाली. खाली टिपणात नोंद होती, 'तक्रार आणि चाचणी', आणि पुढे वहिनीचं पूर्ण नाव.

"माझं? छापलंय?" वहिनी फोनवर किंचाळली. "आजवर दुसऱ्यांचीच नावं वाचत आले गं!"

मग घसा साफ करून तिने भिंगरीने पाठवलेलं ते अख्खं टिपण वाचून दाखवलं, एकही शब्द न समजता, पण अशा ठसक्यात, की भिंगरी काम सोडून शेवटपर्यंत ऐकत राहिली.