सांडूभाऊंनी बाद केलेल्या पिशव्या

सांडूभाऊ मूळचे सोयगावचे. आमच्या प्रयोगशाळेत शिपाई म्हणून लागले, त्याआधी पैठण गेटजवळ सायकलींची पंक्चरं काढायचे. त्यांना कुणी 'नुसता शिपाई' म्हटलं की मी आजही भांडते. माझी पीएच.डी. त्यांच्या बोटांवर उभी आहे, आणि हे सांगायला मला कसली आलीय लाज!

माझा विषय होता साखर. आपण खातो ती साखर जशीच्या तशी रक्तात जात नाही. आतड्याच्या अस्तरावरच एक एन्झाइम बसलेलं असतं. ते साखरेचे दोन तुकडे करतं, आणि त्यातलं ग्लुकोज तिथल्या तिथं आत ओढलं जातं. हे दाखवायचं तर उंदराच्या आतड्याचा बोटभर तुकडा काचेच्या कांडीवर उलटा करायचा, शिवलेली नाडी उलटवतात तसा, म्हणजे अस्तर बाहेर येतं. टोक बांधून त्याची पिशवी करायची, साखरेच्या पाण्यात सोडायची आणि आत किती ग्लुकोज जमलं ते मोजायचं. माझ्या हातून पिशवी हमखास फाटायची. सांडूभाऊ चुटकीसरशी करून द्यायचे. चार वर्षं मी फक्त मोजत होते.

एकाहत्तर साली माझी तोंडी परीक्षा झाली. बाहेरगावचे परीक्षक प्रबंध मिटून म्हणाले, "पिशवीला बारीक भोक असेल तर? साखर भोकातून शिरली, आत जाऊन फुटली. मग तुमच्या अस्तराचं काय राहिलं?"

चार वर्षांत हा प्रश्न मला पडलाच नव्हता! उत्तर दिलं नाही तर प्रबंध परत जाणार होता.

चहा घेऊन दाराशी उभे असलेले सांडूभाऊ म्हणाले, "साहेब, मी बघूनच देतो की."

"काय बघता?"

"हवा."

परीक्षक उठलेच. प्रयोगशाळेत सांडूभाऊंनी सगळ्यांसमोर पिशवी बांधली, नळीतून हलकी फुंकर मारली आणि मिठाच्या गार पाण्यात बुडवली. एक बुडबुडा वर आला. संपलं सगळं!

सांडूभाऊंनी ती शांतपणे बाजूला टाकली. "ही बाद." दुसरी बांधली, बुडवली. एकही बुडबुडा नाही. "ही घ्या, उमाताई. तिनात एक तरी जातेच, साहेब. ट्यूब पाण्यात बघितल्याबिगर गिऱ्हाइकाला कोण देतंय?"

"मला कधी बोलला नाहीत ते!" मी ओरडलेच.

"तुमी इचारलं नाय."

तासाभरानं मी त्या पिशवीतलं ग्लुकोज मोजलं. आकडा माझ्या तक्त्यात चपखल बसला. परीक्षकांनी सही केली, आणि जाताना सांडूभाऊंना हात जोडून नमस्कार केला. काय सांगू, त्यांच्या सहीपेक्षा त्या नमस्काराचा मला जास्त अभिमान वाटला.

प्रबंधात त्यांचं नाव कुठंच नव्हतं. मी पाचही प्रतींत माझ्या हातानं लिहिलं: 'सर्व पिशव्या श्री. सांडू यांनी बांधल्या व हवा भरून तपासल्या.' मग त्यांना वाचून दाखवलं.

"लई झ्याक," ते म्हणाले. "आन् बाद केलेल्या?"

"त्या कशाला लिहायच्या?"

"वा! तिनात एक फेकली, म्हणून तर बाकीच्या खऱ्या निघाल्या, ताई. ते बी लिवा."

मी पेनाचं टोपण पुन्हा काढलं.