पोरले पोर शे!

माणसाला नाव पडायला बारसं लागत नाही, एक चूक पुरते.

पहिलं नाव मला नशिराबादच्या शाळेत पडलं. गुरुजी हजेरी घ्यायचे. माझं नाव आलं की मी 'हजर' म्हणायची, पण ते माझं मलाच ऐकू यायचं. गुरुजी वहीत 'गैरहजर' लिहायचे. मी त्यांच्यासमोर पहिल्या ओळीत बसलेली असायची! चौथीपर्यंत मी अशीच शिकले. पोरी मला 'गैरहजर' म्हणूनच हाक मारायच्या. (त्यालाही मी 'ओ' द्यायची, तेही ऐकू जायचं नाही.)

लग्न होऊन पिंपळनेरला आले, तर तिथे दुसरं नाव तयारच! सासू विचारी, भाकरी झाल्या? मी मान हलवी. गाय दोहली? मी मान हलवी. आठ दिवसांत माझी नणंद लता म्हणाली, "आई, दादानी बायको नही आनी, नंदीबैल आना!" सगळं घर हसलं. मीही मान हलवली.

ही लता म्हणजे आमच्या घरची राजकन्या. तिला चहा करता येत नव्हता, पण चहात साखर कमी आहे हे मात्र लगेच कळायचं. तिला तीन स्थळं येऊन गेली, तिन्ही परतली. म्हणून चौथं धुळ्याचं आलं तेव्हा सासूबाईंनी कंबर कसली. मुलगा नोकरीत कायम! लताने भरलेला म्हणून दारावर भरतकामाचा एक पडदा लागला, आणि पाहुण्यांना खापरावरचे मांडे घालायचे ठरले. आमच्याकडे मांडा म्हणजे पुरणपोळीची थोरली बहीण. लाटायची नाही, दोन्ही हातांवर फिरवत कोपरापर्यंत मोठी करायची आणि चुलीवरच्या पालथ्या खापरावर टाकायची. जिला मांडे येतात, तिला सगळं येतं असं पाहुणे धरून चालतात. लताला आले ते फक्त खायला.

सासूबाई मला परसात घेऊन गेल्या. "मांडा तू कर. पन कोनी काय बी इचारं ते 'लतानं' इतलंच सांगजो. दुसरं एक अक्षर बोलजो नको."

मी मान हलवली. (आमच्या बोलीत 'लतानं' म्हणजे 'लताचं'.) तीन अक्षरांच्या वर बोलायचं नाही, याहून सोपी आज्ञा मला जन्मात मिळाली नव्हती!

पाहुणे जेवले. नवऱ्या मुलाची आत्या फार चौकस. धुळ्यात राहते म्हणून शहरी बोलायची आणि घरात शिरल्यापासून भिंतीसुद्धा बोट लावून बघत होती. हात धुवायचं निमित्त करून ती थेट परसात आली. घरच्यांचे मांडे अजून व्हायचे होते, मी कोपरापर्यंत पिठात.

"हे मांड्यांचं काम कोणाचं?"

"लतानं."

"आणि आमटी?"

"लतानं."

"वा! सारवण छान आहे. कोणाचं?"

"लतानं."

इतकं भराभर मी आयुष्यात बोलले नव्हते. तोंडाला वळणच लागलं! तेवढ्यात माझी वर्षाची बब्बी पिठाचा गोळा चाटत रांगत आली.

"अगं बाई! हे लेकरू कोणाचं?"

"लतानं."

आत्याबाईंचं शहरी बोलणं जागच्या जागी संपलं. "ओ माय वं!" करत त्या ओसरीवर धावल्या. "नाना, उठ! पोरले पोर शे!" म्हणजे, मुलीला मूल आहे!

इकडे खापरावरचा मांडा जळायला लागला. नाना, म्हणजे मुलाचे वडील, चपला शोधू लागले. लता रडू लागली. सासूबाईंनी डोक्याला हात लावला. माझ्या नवऱ्याने काय केलं? त्याने पाहुण्यांना सुपारी पुढे केली! हुशार माणूस!

आता बोलायला फक्त मी उरले होते. सासऱ्यांसमोर पाच वर्षांत माझा शब्द निघाला नव्हता. बब्बीला काखेत मारून मी ओसरीवर आले आणि ओरडले, "पोर मन्ही शे!"

इथे थांबायला हवं होतं. पण माझं तोंड कधी उघडलेलंच नव्हतं, ते मिटायचं कसं हे मला कुठे माहीत! "मांडा बी मीच करात! आमटी बी मन्ही! सारवन बी मन्हं! तो दारवरना पडदा शेजारीननी भरेल शे! लताले चहा बी येत नही!"

सासूबाई माझ्याकडे अशा बघत होत्या, जणू गोठ्यातली गाय हिशेब मागायला आली.

मग कोपऱ्यात बसलेला नवरामुलगा हळूच उभा राहिला. घाम पुसत म्हणाला, "मी बी कायम नही. टेम्पररी शे."

"खाली बस!" आत्याबाई किंचाळल्या. उशीर झाला होता.

नाना आधी मुलाकडे बघत राहिले, मग माझ्या सासऱ्यांकडे. मग दोघंही हसायला लागले. दोन्ही घरं सारखीच लबाड निघाली. याहून चांगली सोयरीक कुठे मिळणार! सुपारी तिथेच फुटली. जाताना नाना माझ्या सासऱ्यांना म्हणाले, "आबा, तुम्हना घरना भोंगा जोरदार शे!"

झालं. गैरहजर, नंदीबैल, आणि आता भोंगा! दोन महिने घरात कोणी मला नंदीबैल म्हटलं नाही. सासूबाई तर काही सांगण्याआधी माझ्या तोंडाकडे बघून घ्यायच्या.

लताचं लग्न धुळ्याला झालं. आत्याबाईंनी भर मांडवात माझ्या हातात माईक दिला. "भोंगाबाई, नाव घ्या!" चारशे माणसं माझ्याकडे बघत होती. मी माईक तोंडाशी धरला. ओठ हलले. मी नवऱ्याचं नाव घेतलं, मला स्पष्ट ऐकू आलं. पुन्हा घेतलं. लाउडस्पीकरवाल्याला वाटलं वायर तुटली. तो बिचारा शिडी लावून खांबावर चढला आणि कर्णा सोडायला लागला.

"उतर रे भो!" नाना खालून ओरडले. "कर्णा चांगला शे. भोंगाच बंद पडना!"

आयुष्यात एकच नाव मला मनापासून आवडलं होतं, आणि ते मला दोन महिन्यांवर सांभाळता आलं नाही.