ताराकाकूंचं वाण

संक्रांतीच्या हळदीकुंकवात चाकूरच्या आमच्या गल्लीतल्या बाया वाट्या, चाळण्या, साबणाच्या डब्या लुटायच्या. नगरसेवकांच्या घरचं वाण तर यजमानांच्या फोटोसकट मिळायचं. ताराकाकूंनी त्या वर्षी वेदनाशामक गोळ्या लुटल्या. एकेकीच्या पदरात तीन-तीन पाकिटं.

"वाट्या काय चाटायच्यात? कामाची वस्तू द्यावी माणसानं," काकू म्हणाल्या.

काकूंना सांध्यांचा जुना आमवात. लातूरच्या डॉक्टरांच्या औषधानं तो कधीच शांत झाला होता, पण श्रेय सगळं या गोळीला. ती चहाबरोबर गेल्याशिवाय काकू भाकरी थापायला बसत नसत. "हिच्या जिवावर हात हलायलेत सर," असं मला, शेजारच्या मास्तराला, सांगायच्या.

पुढच्या तपासणीला त्यांना लातूरला मीच घेऊन गेलो. रिपोर्ट पाहून डॉक्टर म्हणाले, "आजार ताब्यात आहे. मुख्य औषध सोडायचं नाही. पण ही दुखायची गोळी आजपासून बंद. किडनीला त्रास सुरू झालाय."

"अन् हात आखडले तर?"

"तर मला दाखवा. आखडतील असं वाटत नाही."

काकू आठ दिवस स्वतःच्या बोटांकडे चोरासारख्या बघत होत्या. बोटं भाकरी थापत राहिली. नवव्या दिवशी त्या पिशवी घेऊन घरोघर निघाल्या, दिलेलं वाण परत मागायला. गल्ली हादरली. एकीनं तोंडावर सुनावलं, "वाण परत घेतात का कुठं?"

"घेतात. म्या घ्यायले. काढ."

शेवटी आमच्याकडे आल्या. माझ्या बायकोनं, सुमननं, देव्हाऱ्यातून पाकिटं आणून दिली. दोन रिकामी, तिसऱ्यात चार गोळ्या.

"सुमे, काय दुखत व्हतं गं तुझं?"

"काहीच न्हाई, काकू. तुमचं वाण. वाया कशाला घालवायचं म्हणून रोज एक घेत गेले."

मी सुमनकडे पाहत राहिलो. तिचं ब्लडप्रेशर महिनाभर का चढतंय ते कोणाला कळत नव्हतं; प्रेशरची गोळीही वाढवून झाली होती. काकू उंबऱ्यावरच बसल्या. मग उठून म्हणाल्या, "पदर खोच. लातूरला चाल."

या दुखायच्या गोळीनंच प्रेशर चढत होतं, असं डॉक्टर म्हणाले. पाकिटं गेली आणि सुमनचं ब्लडप्रेशर हळूहळू उतरलं.

पुढच्या संक्रांतीला काकूंनी कंगवे लुटले. सुमननं आपला कंगवा उलटापालटा करून विचारलं, "काकू, रोज वापरला तर चालंल ना?"

सगळ्या बाया हसल्या. काकू हसल्या नाहीत.